शाळेत जंगल कसं लावावं (मालगुंड व पंचक्रोशीसाठी)

जंगलाची सुरुवात बॅनरपासून होते. रोपं मागाहून आली तरी चालतात. बॅनरवर सरपंच, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि देणगीदार बसवून कोपरा उरलाच, तर एखादं झाड घालावं. वन महोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात करायची रीत तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी 1950 साली दिल्लीहून घालून दिली. त्या आठवड्यात मालगुंडात पाऊस आडवा येतो, म्हणून बॅनरला चारही बाजूंनी सुंभ बांधावं.

पाहुणा शक्यतो अबोल असावा. गाव केशवसुतांचं, आलेला पाहुणा स्मारक पाहूनच येतो आणि कविता म्हटल्याशिवाय खाली बसत नाही. तोवर रोपं सावलीत ठेवावीत.

खड्डे मे महिन्यात मारून ठेवावेत. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि मुलं आंब्याच्या कामात, त्यामुळे ते जूनअखेर निघतात. पहार वीतभर गेली आणि खण्ण वाजली, की जांभा लागला असं समजावं. अशा वेळी अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञांचं नाव घ्यावं. त्यांच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात आणि दोन-तीन वर्षं निगा राखतात. पहिला भाग आपल्याला जमतो. एका बाकावर चार जणांना बसवायची सवय शाळेला आहेच.

झाडं कोणती? आकेशिया आणि गुलमोहर सहज मिळतात. एक मूळचं ऑस्ट्रेलियाचं, दुसरं मादागास्करचं. दोन्ही फोटोत हिरवी दिसतात. उंडी, करंज, किंजळ, ऐन, सुरंगी ही इथली झाडं. पण त्यांचं बी रानात फुकट मिळतं. रातांब्याच्या बिया तर आगळ करणाऱ्या घरांमागे ढिगाने पडलेल्या असतात. फुकटाची पावती होत नाही, आणि पावतीशिवाय जंगल हिशेबात धरत नाहीत.

रोप लावताना प्लॅस्टिकची पिशवी ब्लेडने उभी चिरून काढावी आणि तळाशी वेटोळं घातलेली मुळं मोकळी करावीत. पाहुण्याच्या हातचं रोप मात्र पिशवीसकटच जातं. फोटो झाल्यावर एखाद्या सातवीतल्या मुलीला ते हळूच उपटून नीट लावायला सांगावं. तेच जगतं.

पुढे भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात. बुंध्याशी पातेरा पसरून ओल धरावी, असं विज्ञानाचे सर सांगतात. तोच पातेरा झाडून काढावा, असं स्वच्छता पंधरवड्याचं पत्र सांगतं. दोन्ही आदेश फायलीला लावावेत. एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार, हा प्रश्न बैठकीत कुणी काढल्यास चहा मागवावा.

एवढ्यावर भागलं नाही, तर गावातली दाट रानं कुठे आहेत ते पाहावं. एक देवराईत, तिथे कोयती लावायला माणूस देवाला भितो. दुसरं, सातबाऱ्यावर मुंबई आणि बडोद्यातली नावं चढून वाटण्या अडलेल्या जमिनीत. तिथे रोप कुणी लावलेलं नसतं. नुसता गडगा घालून गुरं आणि वणवा बाहेर ठेवले, तर 3000 मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस आणि पाखरं बाकीचं उरकतात. मात्र याचं उद्घाटन करता येत नाही, ही मोठी अडचण. तेव्हा मैदानामागच्या कोपऱ्यावरून दोन वाटेकऱ्यांत दावा लावून द्यावा, आणि वकील सावकाश चालणारा गाठावा.