खड्ड्याकाठचे काका

ठाण्याच्या वर्तकनगरात कुठेही कुदळ मारा, पाण्याआधी काका लागतात.

जेसीबी घरघरला की साईबाबांच्या देवळातून परतणारा एक तरी काका थबकतोच. कपाळाला उदी, हात पाठीमागे बांधलेले, त्या हातांना लोंबणारी दुधाची पिशवी. नोकरी वागळे इस्टेटमध्ये झालेली. तिथून निवृत्त झाले ते फक्त पगारातून. सुपरवायझरी चालूच आहे.

काठावर उभं राहण्याची एक रीत असते. आधी बराच वेळ काही बोलायचं नाही, नुसतं ‘च्च’ करायचं. मग शेजारच्या अनोळखी माणसाला, पण मुकादमाच्या कानावर जाईल अशा बेताने सांगायचं, “पाण्याची लाइन इथूनच गेलीये.”

“बाबा, मागे व्हा. नकाशात नाही ती.”

“नकाशात नसेल. टाकली तेव्हा मी इथेच उभा होतो.”

थोड्याच वेळात कारंजं उडतं. काका नखशिखांत भिजतात आणि चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्याचं समाधान पसरतं. तेवढ्यात दुधासाठी काकूंचा फोन येतो. “अगं, थांब जरा! आत्ता कुठे पाणी लागलंय!”

इटलीतल्या बोलोन्या शहरातही ही जमात आहे. जुन्या कमानींच्या त्या गावात हात मागे बांधून बांधकामं न्याहाळणाऱ्या आजोबांना ‘उमारेल’ म्हणतात आणि २०१८ साली एका छोट्या चौकाला त्यांचं नावही दिलं गेलं. आमच्या काकांच्या नावाचा चौक करायचा, तर आधी एखाद्या चौकाचं खणणं थांबायला हवं.

म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उठू लागले तशी काकांची पंचाईत झाली. बिल्डर चारी बाजूंनी पत्रे ठोकतो. तरी पत्र्याला बरोबर काकांच्या उंचीवर एक भोक असतंच. (ते आधीपासून होतं की नंतर पडलं, यावर कट्ट्यावर दोन तट आहेत.)

कॅडबरी जंक्शनला मेट्रोच्या खांबांचे खड्डे होते तोवर दिवस मजेत गेले. मग काम वर सरकलं आणि काकांच्या गळ्यात पट्टा आला.

सगळी भिस्त आता ठाणे-बोरिवली बोगद्यावर. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जवळजवळ बारा किलोमीटरचा रस्ता, आणि तोंड रिक्षाच्या अंतरावर! काका सकाळी उत्साहाने गेले, दुपारी उतरल्या तोंडाने परतले.

“यंत्र आतल्या आत खणणार म्हणे. मग माणसाने उभं कुठे राहायचं?”