कढीपत्त्यावरचं सोंग

"अगं, कढीपत्त्यावर चिमणीनं घाण केलीय, पुसून घे," असं मिरजेहून आलेल्या सासूबाईंनी सांगितलं, तेव्हा मी ओला फडका घेऊनच बाल्कनीत गेले. बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या बाल्कनीत जंगल म्हणजे एक तुळस, एक मनीप्लांट आणि हा कढीपत्ता. पानावर काळपट-पांढरा ठिपका होता. मी फडका टेकवायला आणि तो ठिपका पुढं सरकायला एकच गाठ पडली. चालणारी शिट मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत कडुलिंबाचं पाणी, आंबट ताक, हळद आणि एका काकांकडून सुप्रभातचा गुलाब एवढं मिळालं. किड्याचं नाव काही मिळालं नाही. शेजारच्या अज्जींनी कठड्यावरून वाकून "हुळा, हुळा!" असं निदान केलं. कन्नडमध्ये हुळा म्हणजे किडा. तेवढं मलाही दिसत होतं.

मग 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ उघडलं. त्यामागं फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आहेत. ते काम करतात ती एनसीबीएस ही संस्था इथंच, जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारात, आमच्यापासून अर्ध्या तासावर. हेब्बाळचा उड्डाणपूल मोकळा असेल तर. म्हणजे दीड तासावर. देशभरातल्या हौशी लोकांनी काढलेले फोटो जाणकारांनी तपासून तिथं लावलेत. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू, शिवाय कुठली अळी कुठल्या झाडावर जेवते तेही. या जेवणाच्या यादीत मला माझा कढीपत्ता सापडला. पाहुण्याचं नाव, कॉमन मॉर्मन.

फोटो दाखवला की झटक्यात नाव सुचवणारी आयनॅचरलिस्टसारखी अ‍ॅप्सही आहेत. पण नाव हातात पडलं की मी पानाकडे पुन्हा बघत नाही, हा माझा स्वभाव. इथं फोटो चाळताना, पाठीवरचा पट्टा असा की तसा, हे बघायला पाच वेळा बाल्कनीत जावं लागलं. या अळीचं लहानपण पक्ष्यांना चकवायला शिटेच्या सोंगात जातं, मग ती हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून लाल दुशिंगी अवयव काढून उग्र वास सोडते. हे मी करून पाहिलं. वाचल्यावर गप्प बसवत नाही, दुसरं काय.

नावाची गोष्ट सासूबाईंना फार आवडली. या जातीत नर एकाच तऱ्हेचा, माद्या मात्र तीन तऱ्हांच्या. म्हणून इंग्रजांनी एके काळी अनेक बायका करणाऱ्या मॉर्मन पंथाचं नाव दिलं. "आपल्याकडं त्याला कुणी मुलगी दिली नसती," त्या म्हणाल्या. त्यातली एक मादी नरासारखी दिसते. उरलेल्या दोघी कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या विषारी फुलपाखरांची नक्कल करतात. पक्षी त्या विषाला वचकून असतात, ती भीती या फुकटात वापरतात. ही नक्कल 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या हातात आहे, हे कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं. नर-मादीतला फरक घडवणारं जनुकच इथं वेशभूषाही सांभाळतं.

तोवर झाडाचा खराटा झाला होता. उपम्याची फोडणी आठवडाभर मोहरी-मिरचीवर भागवली. अळीनं कुंडीमागच्या काठीला रेशमाचा धागा बांधून घेतला, कोश झाला, आणि एका सकाळी ती बाहेर आली. काळे पंख, पुढच्यांवर पांढरे पट्टे, मागच्यांवर लाल ठिपके. हुबेहूब क्रिमसन रोझ. खऱ्या रोझचं अंग लाल असतं, हिचं काळंच.

"पंख रंगवले आणि अंग राहिलं होय," सासूबाई म्हणाल्या.

झाडाला आता पुन्हा पालवी आहे, आणि त्यातल्या तीन पानांवर बारीक पिवळी अंडी. फोडणीचा कढीपत्ता आम्ही एट्थ क्रॉसच्या बाजारातून विकत आणतो.