कानात बिल्ला, छातीत क्षय

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बारा आकडी बिल्ला नसलेलं जनावर विकता येत नाही, हलवताही येत नाही. जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याच्या बाजारातल्या गाईला आता नंबर आहे, नोंद आहे. तिच्या छातीत काय आहे, एवढंच बिल्ला सांगत नाही.

लम्पीच्या गाठी डोळ्यांना दिसल्या, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये जनावरांचे बाजार बंद झाले. क्षय बिचारा सभ्य! गोठ्यात वर्षानुवर्षं मुकाट राहतो. श्वासातून शेजारच्या गाईला आणि कच्च्या दुधातून मालकाच्या नातवाला भेटतो. मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचून बहात्तर तासांनी सूज मोजली, की त्याचा पत्ता लागतो. पण लागला तर पुढे काय? परदेशात अशी गाय कत्तलीला जाते. इथे गोवंश हत्याबंदी आहे. मग शहाणा माणूस चाचणीच करत नाही. गाय खंगायला लागली, की मंचर-घोडेगावच्या वाटेने दुसऱ्याच्या दावणीला. आणि बिनपरवाना फिरतो म्हणून बदनाम कोण, तर जुन्नरचा बिबट्या!

गाय घेताना दात मोजता, सड पिळून बघता. तशीच क्षयाची चाचणीही मागा, आणि दूध उकळूनच प्या.