चौथा कोण?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी जामनेरातल्या कुठल्याही जुन्या घरात डोकावा, ओसरीवर एक नाना सापडतातच. कुणाकडे त्यांना आप्पा म्हणत असतील, कुणाकडे बाबा. बैठक मात्र तीच. अंगात बनियन, धोतर गुडघ्यापर्यंत ओढलेलं, पत्त्यांचा जोड मांडीखाली दाबलेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सवाल, "चौथा कोण?"

आमचे नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, एरवी मोजकं बोलतात. कपाशीचा भाव पडला, "हूं." नातवाला नोकरी लागली, "हूं." पण आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, सालदाराचं साल संपून नवं सुरू होतं आणि नानांना वाचा फुटते. या सणाला खानदेशात पत्ते खेळायची रीतच आहे. पारावर पैशांचे डाव रंगतात, पण नानांच्या ओसरीवर पैशाला बंदी. त्यांच्याकडे मेंढीकोट चालतो आणि हरलेल्या जोडीने पाटीभर आंबे घोळून रस काढायचा. बँकेत साहेब असलेले आमचे एक मेहुणे दरवर्षी कोपरापर्यंत रसात असतात. त्यांना पान मोजता येत नाही, नोटा कशा मोजतात देव जाणे.

जोड जुनाच लागतो. जावयाने प्लॅस्टिकचे चकचकीत पत्ते आणले, तर नानांनी ते कपाटात ठेवले. "हातातून निसटतात." जुन्या जोडातली किलवरची सत्ती कधीच हरवली आहे. तिच्या जागी आत्याच्या लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा आहे, त्यावर निळ्या शाईने सात किलवर काढलेत आणि पाठीवर छापील अक्षरांत "यायचं हं" एवढंच उरलंय. त्यामुळे सत्ती कुणाच्या हातात आहे हे साऱ्या घराला दिसतं. नाना म्हणतात, "बावन्नातलं एक उघडं असलं तर काय बिघडलं? एक्कावन्न झाकलेलेच आहेत ना!"

त्यांचं शिक्षण पीजेत झालं. पाचोरा-जामनेर ही आपली छोटी गाडी, ५६ किलोमीटरला दोन तासांच्या वर घ्यायची. मांडीवर टॉवेल पसरला की डबा म्हणजे ओसरीच. नाना जुने डाव स्टेशनांवरून सांगतात. "शेंदुर्णीला हुकूम फुटला, पहूरला तिसरी दश्शी आली, जामनेर दिसायच्या आत कोट!" गाडी २०२० मध्ये बंद पडली. आता तिथे ब्रॉडगेज होणार म्हणून गाव खूश आहे, नाना नाहीत. "ती जोरात पळंन. पाचोऱ्यापर्यंत एक डाव पुरा व्हायचा नाही."

खेळाच्या बाबतीत नाना कडक आहेत, म्हणजे दुसऱ्यांच्या. नवा जावई पहिल्या डावापुरता "जावईबापू" असतो. त्याने चुकीचं पान टाकलं की, "अरे ढोरा, एक्का काय लोणच्यात घालतो का?" नातवंडांनी भिडूच्या तोंडाकडे पाहिलं तरी ओरडा. "पत्ते पाहीसन टाक रे भो, माह्या तोंडाकडे काय पाहतो?" स्वतः नानांना मात्र खोकला होतो. तो आखाजीच्याच दुपारी होतो, तोही भिडूची उतारी असताना. एकदा खोकले तर बदाम, दोनदा तर इस्पिक. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाचवीतल्या नातीने गेल्या आखाजीला त्यांच्यापुढे खोकल्याचं औषध आणून ठेवलं, तेव्हा ते एवढे हसले की हातातली पानं उघडी पडली.

खरी गंमत भिडूची आहे. नानांचा भिडू म्हणजे थोरला मुलगा. रस्त्याला लागून असलेलं शेत विकून प्लॉट पाडायचे, असं त्याचं मत. नाना म्हणतात, मी गेल्यावर. या विषयावरून बापलेकांचं बोलणं बंद होऊन बराच काळ झाला. निरोप काकूंमार्फत जातात, एकाच घरात. पण मेंढीकोटात भिडू समोरासमोर बसतो आणि नाना भिडू बदलत नाहीत. मग बोलावंच लागतं. "राजा धरून का ठेवला?" "तुम्ही गुलाम का नाही मारला?" ४५ अंशांच्या उन्हात दोघं एकमेकांवर असे तुटून पडतात की शेजारचे दार किलकिलं करून बघतात. वर्षभराची थकबाकी अशी पत्त्यांवर वसूल होते. आतल्या खोलीतून काकू ऐकत असतात आणि मध्ये पडत नाहीत.

काकू एरवी खेळायला बसत नाहीत. त्यांच्यापुढे चूल, त्यावर खापर, हातात पुरण. पण यंदा पुण्याच्या नातवाला भर डावात ऑफिसचा फोन आला, तो पानं पालथी टाकून अंगणात पळाला आणि नातीची जोडी मोडली. काकूंनी पदराला हात पुसले, पानं उचलली, एकदाच पाहिली. नाना दोनदा खोकले.

"आलं-गूळ देऊ का?" काकू म्हणाल्या आणि थोरल्याच्या इस्पिकच्या एक्क्यावर हुकूम ठोकला. त्याच हाताला नातीने नानांची दश्शी ओढली. मग दुसरी, तिसरी. चौथी नानांनी शेवटपर्यंत छातीशी धरली होती, तीही काकूंच्या राणीखाली गेली. कोट! नात ओसरीभर नाचली. काकू परत खापरापाशी गेल्या, पोळी करपायच्या आत.

पाटी आली. बापलेक समोरासमोर आंबे घोळायला बसले.

"इस्पिक काढायला तुम्हीच सांगितलं," थोरला म्हणाला.

"मी फक्त खोकलो."

दहा-बारा आंबे झाल्यावर नाना म्हणाले, "कोयी फेकू नको. पावसाळ्यात बांधावर लावू."

"कोणत्या बांधावर?"

"आधी रस काढ," नाना म्हणाले.