लेव्हलकाका

लेव्हलकाकांचं खरं नाव आता दोनच ठिकाणी शिल्लक आहे: सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर आणि लाइटच्या बिलावर. बायको 'अहो' म्हणते, कन्या 'बाबा' म्हणते आणि बोरिवली पश्चिमेला वझिरा नाक्याच्या आसपासची सहा ते बारा वयाची झाडून सगळी प्रजा 'लेव्हलकाका' म्हणते. वय पंचेचाळिशीच्या घरात, नोकरी चर्चगेटला, पोट पुढे आणि कापडी पिशवी पाठीला. पिशवीत डबा, छत्री आणि स्वतःच्या पुस्तकाच्या पाच प्रती. छत्री जूनमध्ये येते, सप्टेंबरात जाते. प्रती बारमाही.

या जातीची माणसं उपनगरांत दर दोन गल्ल्यांआड सापडतात. मुलुंडला असेच एक गृहस्थ दिवाळीत पोरांना मातीच्या किल्ल्याबरोबर माइनक्राफ्टमध्येही रायगड बांधायला लावतात आणि महादरवाजाची दिशा चुकली की पाडायला लावतात. 'मुलं हल्ली वाचत नाहीत हो' हे वाक्य इतर लोक लिफ्टमध्ये म्हणतात आणि आपापल्या मोबाइलकडे वळतात. ही माणसं मात्र ते मनाला लावून घेतात. लिफ्ट तळमजल्याला टेकेपर्यंत त्यांचा बेत तयार झालेला असतो.

काकांना या कामाचा नैतिक अधिकार कितपत आहे, याबद्दल त्यांच्या मातोश्रींना शंका आहे. नव्वदीच्या दशकात घरोघरी ती टीव्हीला जोडायची कॅसेट आली, तेव्हा काकांनी 'काँट्रा' खेळता खेळता चाचणी परीक्षा घालवली होती. कॅसेट अडकली की काढून तिच्यात फुंकर मारायची, हे त्या पिढीचं इंजिनिअरिंग. काका त्यात विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण. पुढे 1993चा तो डायनोसॉर आणि कॅडिलॅक गाड्यांचा गेम पार्लरमध्ये आला. त्याला त्याच्या खऱ्या नावाने आपल्याकडे कुणी कधी ओळखलं नाही. एका पात्रावरून अख्खा देश त्याला 'मुस्तफा' म्हणायचा. दूध आणायला दिलेल्या पैशांतला सुटा रुपया मुस्तफाच्या पोटात जायचा आणि दूध पावशेराने कमी यायचं.

वडिलांनी एकदा पार्लरमधून कान धरून बाहेर काढलं आणि तसंच थेट वाचनालयात नेलं. तिथे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हातात पडला. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, अंगाने काडी, बुडाखाली सायकल आणि तोंडात 'ट्टॉक्'. वडिलांची समजूत, मुलगा सुधारला. मुलगा सुधारला नव्हता. त्याला फक्त कळलं होतं की पुस्तकातही प्रकरण संपता संपता नायक कशात तरी अडकतो आणि पान उलटल्याशिवाय सुटत नाही. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांना मुलांना पानाला कसं चिकटवायचं ते पक्कं माहीत होतं. ते जमल्यावर संस्कार आपोआप होतात की नाही, याची उठाठेव त्यांनी फारशी केली नाही. काकांनी सुरुवातीला नेमकी तीच केली.

मुहूर्त मिळाला तो 2 सप्टेंबर 2020ला. सरकारने 118 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. लॉकडाउनमध्ये जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसून गोळ्या झाडणारी मुलं त्या रात्री सुतक असल्यासारखी बसली होती. काकांना वाटलं, पोरं रिकामी झाली, हीच वेळ. त्यांनी रात्रभर जागून पुस्तकाचा आराखडा केला. सकाळी खाली उतरले तर पोरं त्याच पायऱ्यांवर त्याच ओळीने बसून फ्री फायर खेळत होती.

दुसऱ्या कुणी आराखडा रद्दीत टाकला असता. काकांनी पुस्तक लिहिलं. नाव, 'कान्हेरीचा सातवा दरवाजा'. नायक बोरिवलीचा, सातवीतला. नॅशनल पार्कच्या कुंपणाच्या भोकातून आत शिरतो आणि लेण्यांत दडवलेली एक पेटी शोधतो. जागा अव्वल निवडली होती, हे मान्य केलं पाहिजे. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात खरे बिबटे, शंभरावर लेणी आणि हे सगळं रिक्षाच्या टप्प्यात; गेम बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांना असा नकाशा कल्पनेने रचावा लागतो. पण नायक लेण्याच्या दाराशी पोचला की काकांमधला शिक्षक जागा व्हायचा. मग कातळात खोदलेली पाण्याची टाकी, पावसाचं पाणी पन्हळींतून त्यांत कसं उतरवलं, ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावं कशी येतात, अशी सलग चार पानं. मागे बिबट्या ताटकळत उभा.

पहिलं वाचन गच्चीवर झालं. चार पानं संपल्यावर बी विंगमधल्या एका आठ वर्षांच्या समीक्षकाने हात वर केला.

"काका, हा कटसीन स्किप करायचं बटण कुठे आहे?"

मराठी बालसाहित्याची इतकी नेमकी समीक्षा गेल्या काही वर्षांत माझ्या तरी वाचनात नाही. काका दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे घरी जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चार पानं काढून टाकली आणि शिलालेख कोड्यात घातला: अक्षरं जुळवली तर दार उघडेल, नाहीतर टाक्यात पडाल. त्यानंतर मुलांनी ब्राह्मीतली मुळाक्षरं इंटरनेटवरून शोधून पाठ केली, याचं श्रेय काका स्वतःकडे घेतात. घेऊ द्यावं.

इथून काकांचा अभ्यास सुरू झाला आणि कुटुंबाचे हाल. भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळलं की 1979 साली अमेरिकेत 'चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर' नावाची मालिका निघाली. तिच्यात प्रत्येक वळणावर वाचकाने ठरवायचं, डावीकडे गेलात तर अमुक पान, उजवीकडे गेलात तर तमुक. 1982 साली इंग्लंडात स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन या दोघांनी त्यात फासे आणले: चारशे परिच्छेदांचं पुस्तक, राक्षसाशी लढायचं तर फासा टाका. "आणि ऐका पुढे," काका गवार निवडणाऱ्या वहिनींना थांबवून सांगतात, "हाच लिव्हिंगस्टन नंतर 'टुंब रेडर' काढणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला! म्हणजे पुस्तकातून गेम निघाला की नाही?" वहिनी म्हणतात, निघाला, आणि मेथीकडे सरकतात. 2017 साली माइनक्राफ्टवर रीतसर कादंबरी आली, म्हणजे गेममधूनही पुस्तक निघतं, हा सिद्धांताचा उत्तरार्ध कोथिंबिरीपाशी पूर्ण होतो.

काकांच्या फ्रिजवर मग कथेचा नकाशा चढला. बाण, चौकटी, फुल्या. लाल फुली म्हणजे नायक मेला. काकूंनी एकदा दूध काढता काढता फुल्या मोजल्या, अकरा निघाल्या.

"अहो, या पोराला एकदा तरी घरी जेवायला सोडा."

काकांनी एक वाट घरी जेवायला सोडली. मुलांनी ती एकमताने कंटाळवाणी ठरवली.

पुस्तक छापून आलं, 96 पानांचं, शेवटच्या पानावर पेटी. पान क्रमांक अर्थातच देवनागरी, त्याबाबत काका कडवे आहेत. पहिलं वळण आठव्या पानावर: कुंपणातून आत शिरलात तर पान १७. प्रकाशनाच्या संध्याकाळी सी विंगची एक मुलगी पुस्तक घेऊन गेली आणि चहा गार व्हायच्या आत परत आली.

"काका, जिंकले!"

काकांना घेरी यायची बाकी होती. तपास केल्यावर कारण कळलं. इंग्रजी शाळेतल्या मुलांना देवनागरी १ हा नऊ वाटतो आणि ७ हा सहा. पोरगी सतरावरून थेट 96वर पोचली होती. बिबट्या नाही, शिलालेख नाही, अकरांपैकी एकही मरण नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या सोसायटीला हा ग्लिच ठाऊक झाला आणि कोण किती सेकंदांत पेटी उघडतो याच्या शर्यती लागल्या. ज्या मुलांनी मराठी पुस्तकाला कधी बोट लावलं नव्हतं, ती आता त्याच्या दोन पानांची निष्णात वाचक झाली.

काकांनी दुरुस्ती म्हणून प्रत्येक प्रतीत पट्टी चिकटवली, आकडे अक्षरी. 'पान एकोणसाठवर जा.' मग तर कुणी कुठेच जाईना. "काका, एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी नाइन ना?" एकोणऐंशीपाशी चौघांचं चार ठिकाणी एकमत झालं. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असंही वाचन आणलं, तेव्हा काकांनी वर्तमानपत्रांना भाषेच्या मरणाबद्दल तीन पानी पत्रं लिहिली होती. आता ते एकांतात म्हणतात, 'पन्नास नऊ' वाईट नव्हतं हो. मोठ्याने म्हणत नाहीत. पत्रांच्या झेरॉक्स अजून लोकांकडे आहेत.

पुस्तकाचा उत्तम भाग, माझ्या मते, तिसरी लेव्हल; प्रकरणाला काका लेव्हलच म्हणतात. नायक संध्याकाळी दादरहून घाईत विरार फास्टमध्ये चढतो आणि त्याला बोरिवलीला उतरायचं असतं. अंधेरीपासूनच दाराकडे सरकायला लागलात तर पान २३. 'बोरिवली येऊ दे, मग बघू' म्हणालात तर पान ३८. पान ३८वर एकच ओळ आहे: 'आता तुम्ही भाईंदरला आहात.' हे पान वाचून बाप लोक उभ्या उभ्या हसतात, एकाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. स्कूलबसमधून वाढलेली त्यांची मुलं विचारतात, "पण त्याने ओला का नाही केली?"

गिऱ्हाईक म्हणून आई-बाप वेगळंच प्रकरण. त्यांना पुस्तक हवं असतं, मुलाने ते वाचावं इतकी घाई नसते. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून वीस-वीस प्रती जातात. स्वस्त, सुसंस्कृत आणि कचऱ्यात टाकायला लाज वाटेल अशी वस्तू. "याने मराठीचे मार्क वाढतील का?" असं एका आईने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "मार्कांचं माहीत नाही, पण तो बिबट्याकडून सात वेळा मरेल." तिने पाच प्रती कमी केल्या. मुलगा मात्र तिथेच बसून दोनदा मरून आला. माझं निरीक्षण असं की मुलांना मरायचं वावडं नसतं. शाळेत एकदा चुकलं की तो गुण परत मिळत नाही, इथे मिळतो. हे मोठ्यांना समजावत बसण्यात अर्थ नाही, काकांनीही तो नाद सोडलाय.

काकांचं स्वतःचं काय झालं तेही सांगायला हवं. 'मुलांची भाषा कळावी' म्हणून त्यांनी मोबाइलवर एक गेम घेतला. मग हेडफोन घेतला. मग एका रात्री दीड वाजता काकूंना हॉलमधून आवाज आला, "अरे मागे बघ, मागे! मला रिव्हाइव्ह कर!" ए विंगमधल्या दोन आयांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली की काका मुलांना झोपू देत नाहीत. आता त्यांच्या फोनला कन्येने वेळेचं कुलूप घातलंय आणि परवलीचा शब्द ती सांगत नाही. मातोश्री खूश आहेत. पार्लरमधला कान पुन्हा कुणाच्या तरी हातात आहे, असं त्या म्हणतात.

गेल्या महिन्यात ए विंगचाच एक सहावीतला मुलगा सोसायटीच्या वाचनपेटीतली प्रत घेऊन आला. एरवी मराठीच्या गृहपाठाला पोट दुखणारा. त्याने पान ४१वर, जिथे बिबट्या नायकाचा निकाल लावतो, तिथे वहीचा कागद फेविकॉलने डकवला होता. वर लिहिलं होतं: 'बीबट्या म्हनाला मी तूला खानार नाही. पन आधी माझं एक काम कर. पान 112 वर जा.'

काकांचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. मग त्यांना लेखकाचे हक्क आठवले आणि चेहरा गंभीर झाला. मग त्यांनी पुस्तक उलटून शेवटचं पान बघितलं.

"अरे, पण पुस्तक 96 पानांचं आहे. एकशे बारा कुठे आहे?"

"ते तुम्ही लिहा ना," पोरगा म्हणाला. "माझा हिरो तिकडे थांबलाय."

काकांनी छापखान्यात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की 96च्या वर एक पान नेलं तरी सोळा पानांचा अख्खा फर्मा वाढणार, म्हणजे कागद वाढणार, शिलाई वाढणार, किंमत वाढणार. काकांनी बोटांवर हिशेब केला. 96 आणि सोळा, एकशे बारा बरोब्बर.

सोमवारी सकाळच्या चर्चगेट स्लोमध्ये ते खिडकीशी वही उघडून बसले होते. कांदिवली गेल्यावर त्यांनी शेजारच्या अनोळखी प्रवाशाला विचारलं, "बिबट्याने माणसाला एखादं काम सांगायचं म्हटलं, तर काय सांगेल हो?"

तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "कुंपणाला चिकटून नवा टॉवर उभा राहतोय ना, तो हलवायला सांगेल."

काकांनी मालाड येईपर्यंत दोन पानं लिहिली.