मत्कुणपुराण : नागपूरखंड

नागपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २४ लाखांच्या वर भरली. परंतु या शहरात मध्यरात्रीनंतर जेवायला बसणाऱ्यांची संख्या याहून कितीतरी मोठी असून, जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात न मावणाऱ्या या दुसऱ्या वर्गाचा, म्हणजे ढेकणांचा, विचार येथे करावयाचा आहे. हा विषय अभ्यासकांकडून उपेक्षित राहिला आहे. त्याचे कारण विषयाचे क्षुद्रत्व हे नसून, त्यावर लिहिणाऱ्याच्या घरी चहाला जावे की नाही याबद्दल वाचकाच्या मनात शंका उत्पन्न होते, हे आहे.

ढेकूण हा अर्धपंखी गणातील कीटक होय. या गणातील त्याच्या अनेक भाऊबंदांना उडता येते, ढेकणाला मात्र पंखांच्या जागी केवळ दोन खुंट उरलेले असल्याने उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. त्यामुळे त्याने जगभर जे दिग्विजय केले, ते सर्व पायी किंवा परक्याच्या सामानातून केले आहेत. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये ज्याचे नामकरण केले तो सायमेक्स लेक्ट्युलॅरियस प्रामुख्याने थंड व समशीतोष्ण देशांतला, तर भारतासारख्या उष्ण देशात मुख्यतः नांदतो तो त्याचा चुलत बंधू सायमेक्स हेमिप्टेरस. घराणे मोठे प्राचीन आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने त्याचा उगम सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला, म्हणजे ढेकूण आणि डायनासोर एकाच काळात पृथ्वीवर वावरत होते. ढेकूण डायनासोरांचे रक्त पीत असावेत असे मात्र अभ्यासक मानत नाहीत. नागपूरच्या टाकळी भागातील लमेटा थरांत, म्हणजे दख्खनच्या लाव्हाखाली दबलेल्या गाळाच्या खडकांत, डायनासोरांचे अवशेष सापडले आहेत. तेव्हा त्या अवाढव्य प्राण्याचे टाकळीत दगड झाले आणि हा पाच ते सात मिलिमीटर लांबीचा प्राणी त्याच परिसरातील पलंगांतून अद्याप वंशविस्तार करीत आहे, यावरून टिकून राहण्यासाठी देहाची भव्यता उपयोगी पडत नाही, एवढे मान्य करावे लागते.

प्राचीन भारतीयांना या प्राण्याच्या सामर्थ्याची पूर्ण कल्पना होती. संस्कृतातील एका प्रसिद्ध सुभाषिताने लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात निजतो, या वस्तुस्थितीचा उलगडा मत्कुणांच्या, म्हणजे ढेकणांच्या, भयाने केला आहे. आधुनिक कीटकशास्त्राच्या कसोटीवर यांपैकी शंकराची निवड सर्वोत्तम ठरते, कारण शून्याखाली १८ अंशांच्या थंडीत तीन-चार दिवस ठेवल्यास ढेकूण अंड्यांसह मरतो. विष्णूची निवडही, पोहता न येणाऱ्या शत्रूपासून बचाव म्हणून, बरी आहे. लक्ष्मीचा निर्णय मात्र घाईचा वाटतो; ढेकणाला निजणाऱ्याच्या अगदी जवळ अरुंद फटी लागतात आणि कमळाच्या फुलात पाकळ्यांच्या फटींखेरीज दुसरे फारसे काही नसते.

फटींचा हा मुद्दा प्रत्यक्ष पाहून घेण्यासारखा आहे. गादीघरातून भरून आणलेल्या कापसाच्या गादीला चारही कडांनी जो गोट शिवलेला असतो, तो कोपऱ्याजवळ अंगठ्याच्या नखाने उलटा करून पाहिल्यास प्रथम शाईच्या टोकदार पेनाने टिंबे द्यावीत तसे काळे ठिपके दिसतात. ही पचलेल्या रक्ताची विष्ठा होय. त्यालगत पारदर्शक, पिवळट, आतून रिकाम्या अशा काती पडलेल्या असतात, कारण अंड्यातून निघालेले पिल्लू पाच वेळा कात टाकून मोठे होते आणि प्रत्येक कातीपूर्वी त्याला एकदा पोटभर रक्त लागते. टाक्याच्या अगदी खाचेत मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी चिकटवलेली आढळतात, आणि वस्ती दाट असल्यास एक विशिष्ट वास येतो, ज्याची तुलना कीटकशास्त्राचे ग्रंथ ओल्या कोथिंबिरीशी करतात. कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या आणि थंडीत घरोघरी सांबारवड्या तळणाऱ्या नागपुरात ही खूण निदानासाठी फारशी उपयोगी नाही, हे वेगळे सांगावयास नको.

ढेकूण निजलेल्या माणसाचा श्वास व अंगाची ऊब यांचा माग काढीत येतो, रक्त गोठू न देणारे द्रव्य लाळेतून सोडतो, पाच ते दहा मिनिटांत भोजन उरकतो आणि दिवा लागण्यापूर्वी फटीत परततो. या चाव्याची प्रतिक्रिया सर्वांच्या अंगावर सारखी उमटत नाही. एकाच पलंगावरील दोघांपैकी एकाच्या अंगावर ओळीने गांधी उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही, आणि मग ज्याला काहीच होत नाही तो ज्याला होते त्याला उष्णता, पित्त किंवा परवाची वांग्याची भाजी यांपैकी एखादे कारण सुचवतो. अशा चर्चेत सहा आठवडे सहज जातात. उष्ण हवेत अंडे आठवड्या-दीड आठवड्यात फुटते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी.

एवढा त्रास देऊनही ढेकणाने स्वतःविरुद्ध एकही शासकीय विभाग निर्माण होऊ दिलेला नाही, ही त्याची खरी मुत्सद्देगिरी. डास हिवताप, डेंग्यू व हत्तीरोग पसरवतो, म्हणून नागपूर महानगरपालिकेत त्याच्यासाठी हिवताप-हत्तीरोग विभाग आहे, फवारणी आहे, गल्लीतून धूर सोडीत जाणारे यंत्र आहे आणि त्या धुरामागे धावणारी मुले आहेत. ढेकूण माणसांत कोणताही रोग पसरवतो असे सिद्ध झालेले नाही, म्हणून त्याच्यासाठी निधी नाही, कर्मचारी नाही आणि जनजागृतीचा फलकही नाही. शासनाने असे सोडून दिल्यावर उरतो तो नागरिक, आणि नागरिकाला लाज वाटते. डासांविषयी मोठ्याने, अभिमानानेही बोलता येते, कारण ते नाल्यातून येतात आणि नाला महापालिकेचा असतो. ढेकूण मात्र स्वतःच्याच गादीत सापडतो. वस्तुतः त्याचा अस्वच्छतेशी फारसा संबंध नाही, कारण तो उष्टे-खरकटे खात नाही, रक्त पितो, आणि रक्त बंगल्यातही असते. तरीही समज पक्का आहे. तेव्हा ढेकूण जगतो रक्तावर, पण शहरात टिकतो तो लोकांच्या लाजेवर, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपाद्य होय.

ही लाज फार जुनी नाही. महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांतील वाड्यांमध्ये ढेकूण ही सामुदायिक बाब होती. सुतळीची बाज किंवा नवारीची खाट अंगणात आणून, दोघांनी दोन बाजूंनी धरून, पायांवर दणादण आपटली जाई, सांध्यांतून उकळते पाणी किंवा रॉकेल सोडले जाई, आणि खाली पडलेल्या शत्रूचा संहार करण्याचे काम घरच्या, तसेच शेजारच्याही, मुलांकडे असे. या आवाजाने सगळ्या वाड्याला बातमी कळे आणि त्याच दुपारी इतर बिऱ्हाडांच्या खाटाही बाहेर येत. एकाच दिवशी सर्वांनी मोहीम काढल्यामुळे ढेकणाला पळून जाण्यासाठी भिंतीपलीकडचे घर उरत नसे. दाट वस्तीतील कीटकनियंत्रणाचे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व वाड्याला असे अनायास साधले होते. पुढे फ्लॅट आले आणि खाटेची जागा सामान भरायची सोय असलेल्या दिवाणाने घेतली, जो चार माणसांनाही हलत नाही, मग आपटणे दूरच. आता पेस्ट कंट्रोलचा माणूस पंप घेऊन जिना चढू लागला आणि समोरच्या दारातून विचारणा झाली, की ‘काही नाही जी काकू, झुरळं झाले थोडेसे’ असे उत्तर दिले जाते. झुरळाच्या नावावर आजवर जेवढे पाप जमा झाले आहे, त्यातील बराच भाग ढेकणाचा आहे. ढेकणाच्या संगतीने हिरा भंगतो असा एक जुना समज आहे. हिऱ्याचे काय होते ते इतवारीतील सराफांनी पाहावे, शेजार मात्र निश्चित भंगतो.

औषधांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण तो पराभवाचा इतिहास आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला व त्याबद्दल त्यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी हवाई बेटांवरील पर्ल हार्बरच्या बराकींतील ढेकणांनी डीडीटीला दाद देण्याचे थांबवले होते. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन घराघरांत डीडीटी फवारले गेले, तेव्हा लोकांना हिवतापापेक्षा ढेकूण गेल्याचा आनंद अधिक झाला, आणि पुढे ढेकूण मरेनासे झाल्यावर लोक फवारणीवाल्यालाच दारातून परत पाठवू लागले. त्यानंतर टिक-ट्वेंटीची बाटली आली, बेगॉन आले, पायरेथ्रॉइड वर्गातील, म्हणजे शेवंतीच्या कुळातील एका फुलातील द्रव्यावरून बेतलेली, औषधे आली. त्यांनाही ढेकणाने उत्तरे शोधली, ज्यांपैकी एक म्हणजे आपली कातडी अधिक जाड करणे. दरवर्षी विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरणाऱ्या शहरात जाड कातडीचे लाभ विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही.

एक अस्त्र असे आहे, की ज्याला ढेकणाला अद्याप उत्तर सापडलेले नाही, आणि ते नागपूरला फुकट मिळाले आहे. गादीच्या अंतरंगापर्यंत ५० अंश तापमान तास-दोन तास टिकले, तर मोठे ढेकूण, पिल्ले आणि अंडी ही तिन्ही मरतात. पाश्चात्त्य देशांत यासाठी खोलीत यंत्राने गरम हवा सोडतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि भर दुपारी गच्चीवरील लोखंडी पलंगाला हात लावता येत नाही. असे असूनही ढेकूण नामशेष झाला नाही, याची दोन कारणे दिसतात. पहिले असे, की मे महिन्यात गच्चीवर कुरडया, पापड आणि सरगुंडे यांचा हक्क आधी असतो व त्यांच्याशेजारी ढेकणांची गादी पसरण्याचा प्रस्ताव कोणत्याही गृहिणीसमोर मांडता येत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मार्च संपता संपता नागपूरकर कुलर बाहेर काढतो, त्याला नव्या ताट्या बसवतो, टाकी भरतो आणि खोलीचे तापमान तिशीच्या आसपास आणून ठेवतो; ढेकणाची वाढ सर्वांत झपाट्याने होते ती २८ ते ३२ अंशांच्या दरम्यान. बाहेर सूर्याने चालवलेली मोहीम खिडकीतील कुलर अशा रीतीने रात्रभर हाणून पाडतो, आणि विजेचे बिल माणूस भरतो.

ढेकणांच्या प्रवासाची साधनेही शहराने उदारपणे पुरवली आहेत. लग्नाच्या मोसमात बिछायत केंद्रातील गाद्या आज या लॉनवर, उद्या त्या सभागृहात अशा फिरत असतात. वऱ्हाडी मंडळी त्यांवर एक रात्र निजतात आणि आहेरासोबत गर्भार मादीही घरी नेतात, जी एकटी पुढच्या वस्तीला पुरते. वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या यांत माणसे बदलतात, पलंग तेच राहतात. न्यूयॉर्क शहरात २०१० पासून असा नियम आहे, की घरमालकाने गेल्या वर्षभरात घरात व इमारतीत ढेकूण झाले होते काय, हे नव्या भाडेकरूला लेखी कळवावे. नागपुरात घरमालक भाडेकरूला लग्न झाले आहे काय, मांसाहार करता काय, पाहुणे किती येतात आणि गाव कोणते, हे सारे विचारतो. भाडेकरूने ढेकणांविषयी विचारण्याचा प्रघात मात्र नाही. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये ढेकणांनी एवढी घबराट उडवली, की फ्रान्सच्या सरकारला त्यावर बैठका घ्याव्या लागल्या, आणि पुढच्या वर्षी तेथील एका मंत्र्याने ही घबराट समाजमाध्यमांवर फुगवण्यात रशियाशी संबंधित खात्यांचा हात असल्याचे सांगितले. नागपुरात परकीय हात शोधण्याची वेळ अद्याप आलेली नाही. येथील संशय फार तर वरच्या मजल्यावर जातो.

वर्षातून एक दिवस मात्र हे शहर ही लाज सोडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी व पिवळी मारबत, म्हणजे गावावरील अरिष्टे सोबत घेऊन जाणारे स्त्रीरूपी पुतळे, मिरवत नेले जातात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. त्या वेळी रोगराई, खोकला, डास आणि ढेकूण यांना घेऊन जाण्याची विनवणी तिला भर रस्त्यात, मोठ्या आवाजात केली जाते, आणि ओरडणाऱ्या गर्दीत कोणाचे ढेकूण कोणत्या फ्लॅटमधील हे कोणी विचारीत नाही. वाड्यातील खाट आपटण्याच्या प्रथेचा एवढाच अवशेष उरला आहे. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा झुरळांविषयी बोलू लागतात.

या विषयातील एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. गुपचूप उपाय करण्याच्या नादात काही जण धान्याच्या कोठारात वापरावयाची ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी खोलीत ठेवतात; हवेतील ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि त्या खोलीतीलच नव्हे, तर भिंतीपलीकडे निजलेली माणसेही त्याने दगावू शकतात. ही गोळी घरात कधीही, कोणत्याही प्रमाणात आणू नये. पांघरुणे व कपडे उकळत्या पाण्यातून काढावेत, लहान गाद्या-उशा काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर ठेवाव्यात, त्यासाठी कुरडयांशी आधी वाटाघाटी कराव्यात, फटी बुजवाव्यात, आणि अंडी फुटण्याचा अवधी ध्यानात घेऊन दोन आठवड्यांनी हे सर्व पुन्हा करावे. त्याआधी मजल्यावरच्या सर्व घरांची दारे वाजवून ढेकूण झाल्याचे स्पष्ट शब्दांत सांगावे. बहुतेक दारांतून ‘आमच्याकडेही’ असेच उत्तर येईल.