लख्खशेठचा फोकस

पिकअप बाळगणाऱ्यांत एक जमात अशी आहे, की तिला रात्र मुळीच मान्य नाही. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरून ओतूर, माळशेजमार्गे वाशीकडे निघालेल्या गाड्यांत हा गृहस्थ लांबूनच ओळखू येतो. ओळखू येतो म्हणणंही चूकच, कारण त्याच्याकडे नजर गेली की समोरच्याला पुढचे काही क्षण काहीच ओळखू येत नाही. त्याला आपण लख्खशेठ म्हणू. गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात देवदर्शन आणि दुसऱ्या आठवड्यात हेडलाईटचे बल्ब, हा त्याचा ठरलेला क्रम. कंपनीच्या बल्बला तो बल्ब म्हणतच नाही, मेणबत्ती म्हणतो. गाडीच्या मागच्या फाळक्यावर मात्र रंगाऱ्याकडून ठळक अक्षरांत ‘यूज डिपर ॲट नाईट’ लिहून घेतलेलं असतं. हा उपदेश मागून येणाऱ्यांसाठी. पुढून येणाऱ्यांशी त्याचं काही बोलणं नाही.

दुकानात लख्खशेठ एकच प्रश्न विचारतो, “सगळ्यात जोरात कुठला?” त्याचं सगळं तर्कशास्त्र या तीन शब्दांत मावतं आणि फसतंही इथेच. हेडलाईटची परीक्षा उजेड किती यावर होत नाही, तो कुठे पडतो आणि कुठे पडत नाही यावर होते. आपल्याकडच्या कितीतरी पिकअपमध्ये बसणारा एच-४ हा बल्ब घ्या. काचेच्या एकाच नळीत दोन तारा असतात, अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती वाटी प्रकाशाला रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाऊच देत नाही. वरच्या भागावरून परतलेला प्रकाश तेवढा रस्त्यावर उतरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत चढत नाही. तार नेमक्या जागी असेल तरच हे जमतं. ती मिलिमीटरभर सरकली तरी उजेडाची वरची कड विस्कटते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत या बल्बचा नुसता आकार नव्हे, उजेडही बांधून दिलेला आहे. १३.२ व्होल्टला डिपरचे सुमारे १,००० लुमेन आणि अप्परचे १,६५०, थोडंफार इकडेतिकडे. शेठ ज्या खोक्यावर बोट ठेवतो त्यावर दहा-वीस हजारांचा आकडा झळकत असतो आणि त्याखाली कुठल्याही मान्यतेची खूण नसते. आकडा मोठा असला की खूण कोण शोधतो!

शेठच्या जुन्या पिढीचं दैवत म्हणजे १००/९० चा बल्ब. तो बसतो त्याच होल्डरात, म्हणून चालतो असा समज. आता हिशेब करू. १२ व्होल्टला ६० वॅटचा बल्ब ५ अँपियर ओढतो, १०० वॅटचा ८ च्या वर. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे मूळ वायरिंगला पावणेतीन पट ताप. मग होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो आणि फ्यूज उडतो. शेठ यावर मोठ्या अँपियरचा फ्यूज टाकतो. म्हणजे धोक्याची सूचना देणाऱ्यालाच घरी बसवतो. निळसर काचेच्या बल्बची तऱ्हा तर याहून गमतीची. निळी काच प्रकाशातला पिवळा-तांबडा भाग गाळून टाकते, म्हणजे त्याच तारेचा उजेड कमी होतो. शेठ त्यासाठी जास्त पैसे मोजतो.

नव्या पिढीचं दैवत एलईडी. ती वीज कमी खाते, हे खरं आणि हाच शेठचा हुकमी एक्का. पण एच-४ चा रिफ्लेक्टर बारीक, गोल तारेभोवती आखलेला असतो. त्यात दोन बाजूंना चपट्या चिपा लावलेली काडी खोचली, की प्रकाश वाट फुटेल तिकडे जातो. थोडा झाडांवर, थोडा एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडावर आणि उरलेला बंपरपुढच्या दहा-पंधरा फुटांवर, लग्नाच्या मांडवात पडावा तसा. शेठ खूश होतो तो या मांडवावर. वास्तविक जवळचा रस्ता इतका उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. बिनदिव्याची उसाची ट्रॉली नेमकी त्या लांबच्या अंधारात उभी असते. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात तर हा सगळा उजेड थेंबांवर आपटून शेठच्याच डोळ्यांत परत येतो. तेवढ्यापुरता न्याय होतो म्हणायचा.

शेठकडे उत्तरं नाहीत असं नाही. “नव्या गाड्यांना कंपनीच एलईडी देते, त्याचं काय?” तिथे दिवा, भिंग, रिफ्लेक्टर सगळं एलईडीसाठीच घडवलेलं असतं. जुन्या दिव्यात नुसता बल्ब बदलून ते साधत नाही. जर्मनीत २०२० पासून अशा काही बल्बांना परवानगी मिळाली, पण ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यात तपासून झाल्यावरच. “समोरचे सगळे लावतात, मी काय आंधळा होऊन चालवू?” या प्रश्नात दम आहे, कारण दुभाजक नसलेल्या रस्त्यावर चटका सगळ्यांनाच बसतो. पण दोघेही दिपले तर दोन्ही गाड्या काही क्षण कोणीच चालवत नसतं आणि त्यातली एक शेठची असते.

त्याची सगळ्यात खरी तक्रार वेगळीच आहे: कंपनीच्या बल्बने खरोखर कमी दिसतं. दिसतंच. त्याचं कारण बहुधा बल्बच्या अलीकडे-पलीकडे असतं. उन्हाने पिवळी पडलेली दिव्याची काच घासून घेतली तर निम्मं भांडण मिटतं. जुन्या वायरिंगमध्ये आणि स्विचमध्ये व्होल्टेज गळतं, १३.२ ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर हॅलोजनचा उजेड पावपटीहून जास्त घटतो. यावर बॅटरीपासून थेट जाड वायर आणि रिले हा ऑटो इलेक्ट्रिशियनचा जुना, स्वस्त उपाय आहे. आणि पिकअपचं म्हणून एक खास दुखणं: मागे माल भरला की पाटे दबतात, नाक वर होतं. अवघा १ अंश वर झालं तरी ५० मीटरवर उजेड ८७ सेंटिमीटर चढतो. मग साधा ६०/५५ चा डिपरसुद्धा समोरच्याला अप्पर वाटतो आणि शेठचा रस्ता मात्र काळाच राहतो. ज्या गाडीत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं फिरतं बटण असतं, ते माल भरल्यावर वरच्या आकड्यावर न्यायचं, दिवे खाली येतात. शेठला ते बटण आवाजाचं वाटतं. टेप त्याच्याशी जुळत नाही म्हणून त्याने ते सोडून दिलेलं आहे.

तेव्हा घ्यायचा बल्ब तोच, ६०/५५ चा, बुडावर वर्तुळातल्या ‘ई’ ची खूण असलेला, दोन्ही बाजूंना एकदमच आणि काचेला बोट न लावता. बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. शेठला हे ठाऊक नाही असं समजू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्याने वाचलेलं नसेल, पण पासिंगची तारीख त्याला पाठ असते. त्याच्या आदल्या संध्याकाळी एलईडी उतरते, डॅशबोर्डच्या खणातून ग्रीसच्या फडक्यात गुंडाळलेले कंपनीचे दोन बल्ब निघतात आणि होल्डरात बसतात. आरटीओच्या मैदानावर गाडी पास होते. परतीच्या वाटेवर शेठ पुन्हा इलेक्ट्रिशियनकडे थांबतो.